गार होईपर्यंत

"बाबा, भांडीवाल्या मावशी कालपासून ड्राय बाल्कनीत पाय ठेवायला तयार नाहीत," अपर्णा म्हणाली. "म्हणतात, आजोबांच्या यंत्रात विस्तव आहे."

दिगूने मान वर केली नाही. रेकॉर्डची बाजू संपत आली होती, आणि बाजू चालू असताना तो कुणाशीच बोलत नसे. मीच अवघडून उभा राहिलो. दुसऱ्याच्या घरी कुणी आलं की उठावं की बसून राहावं, हे मला या वयातही कळत नाही. उठताना गुडघा वॉशिंग मशीनवर आपटला.

"बसा हो काका. तुम्हाला नाही म्हणाले."

मी बसलो. सारंगीचा शेवटचा सूर लांबत लांबत विझला. दिगूने सुई उचलली, बटण बंद केलं आणि मगच सुनेकडे पाहिलं.

"विस्तव नाही गं. व्हॉल्व्ह आहेत. आतली तार तापते."

"मला माहीत आहे बाबा. मावशींना कोण सांगणार? आणि खरं सांगू का, मलाही जरा भीतीच वाटते. सगळं उघडं. वर ओले कपडे वाळत असतात."

तिचं काही चुकत नव्हतं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर ॲल्युमिनियमचा एक पत्रा, त्यावर मागे दोन जडशीळ काळे ट्रान्सफॉर्मर, पुढे जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार व्हॉल्व्ह आणि पत्र्याच्या पोटातून लोंबणाऱ्या वायरी. शेजारी रेकॉर्ड प्लेअर, खाली एक मोठा स्पीकर, आणि उरलेल्या जागेत आमच्या दोन घडीच्या खुर्च्या. डोक्यावर अपर्णाच्या नवऱ्याचे, मिलिंदचे, शर्ट. दिगू तांबट नाशकातल्या उदय टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. टॉकीज बंद पडलं तेव्हा तिथलं आवाजाचं यंत्र मोडून भंगारात निघालं होतं. त्यातले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर त्याने मागून घेतले आणि तांबट लेनमधल्या आपल्या दोन खोल्यांत बसून हा ॲम्प्लिफायर जुळवला. त्याची बायको इंदू होती तोवर संध्याकाळी आम्ही तिघं ऐकायचो. ती ऐकता ऐकता शिवायची. बाजू चालू असली की मशीन थांबवून हातशिलाई करायची. ती गेली आणि मुलाने, मिलिंदने, बापाला आपल्या फ्लॅटवर आणलं. मी वाचनालयातून निवृत्त झालेला, एकटा माणूस. शहर बस पकडून तिथे जाऊ लागलो.

दिगूने तळवा ट्रान्सफॉर्मरवर ठेवला. हे त्याचं नेहमीचं. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवायचा, अधूनमधून ठेवत राहायचा, आणि यंत्र पुरतं गार झाल्यावरच इंदूच्या जुन्या लुगड्याचा तुकडा वर पांघरायचा. गरम असताना झाकलं तर गुदमरतं, म्हणे. खरं की खोटं मला माहीत नाही. पण आमच्या गप्पा व्हायच्या त्या या गार होण्याच्या वेळातच. रेकॉर्ड चालू असताना ऐकायचं, आणि मग ते गार होईपर्यंत बोलायचं.

अपर्णा दारातच उभी होती. गेली नाही.

"बाबा, एक सुचवू? ह्याला जरा बरं दिसेल असं काहीतरी करा. छानशी पेटी वगैरे. मग आपण हॉलमध्येच ठेवू. टीव्हीशेजारची जागा मी करून देते."

"हॉलमध्ये?" दिगू म्हणाला.

"हो. का नाही? लोक मुद्दाम विकत घेतात असलं जुनं काही."

ती गेल्यावर दिगू माझ्याकडे वळला. हात ट्रान्सफॉर्मरवर तसाच.

"ऐकलंस ना अच्युता? तीच म्हणाली. मी काही म्हटलं नव्हतं."

"चांगलंच झालं की."

"तुला नाही कळायचं." तो वाळत घातलेल्या शर्टांकडे बघत होता. "मी आयुष्यभर भिंतीमागे बसलो. एवढ्याशा खोलीत, भोकातून बघत. आवाज माझा, पण ऐकणारे सगळे भिंतीच्या पलीकडे. समोर खुर्चीत बसून आपला आवाज कसा लागतो ते मी कधी ऐकलंच नाही. इंदू होती तेव्हा घरात ऐकलं तेवढंच. आता पुन्हा ह्या भिंतीमागे आलोय." त्याने वॉशिंग मशीनवर थाप मारली. "नवीन केबिन."

मी हसलो. तो हसला नाही.

"आणि मिलिंदने एकदा समोर बसावं. एक बाजू. तेवढंच."

मिलिंद शाळेत असताना उदय टॉकीजमध्ये रीळ तुटलं किंवा चित्र धूसर झालं की सगळं थेटर ओरडायचं, "ए ऑपरेटर, झोपलास का!" दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं मिलिंदला तेच ओरडून दाखवायची. तेव्हापासून तो टॉकीजकडे फिरकला नाही. पोरगा हुशार, इंजिनियर झाला, बापाला मानाने घरी घेऊन आला, औषधपाणी बघायचा. पण बापाने जुळवलेलं ते यंत्र त्याने कधी ऐकलं नव्हतं. बाल्कनीच्या दारापर्यंत यायचा, "काय म्हणता काका?" विचारायचा आणि जायचा.

दिगूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे सगळं मला जसं आठवतं तसं लिहितो आहे. ठामपणे काही सांगण्याचा माझा स्वभाव नाही.

*

लाकूड कुठलं घ्यायचं, हा प्रश्नच निघाला नाही. इंदूचं शिलाई मशीन लोखंडासकट कधीच गेलं होतं, पण त्याचं सागवानी टेबल दिगूने मोडू दिलं नव्हतं. ते त्याच्या पलंगाखाली आडवं सारून ठेवलेलं होतं. सोसायटीत ठोकाठोक करायला बंदी, म्हणून ते रिक्षात घालून माझ्या खोलीवर आणलं.

माझ्याकडे करवत नव्हती, पण पुस्तकं बांधायचं लोखंडी दाबयंत्र होतं. वाचनालयात असताना फाटकी पुस्तकं मी घरी आणून बांधायचो, तेव्हाचं. सरस, सुऱ्या, पट्ट्याही होत्या. दिगू करवत घेऊन आला आणि खोलीभर नजर टाकून म्हणाला, "ग्रंथपाल, बसायला जागा कुठे आहे?"

"पुस्तकं उचल आणि बस."

"उचलून ठेवू कुठे? दुसऱ्या पुस्तकांवर?"

फळी जमिनीवर आडवी ठेवली तेव्हा उजेडात तिच्यावरच्या खुणा दिसल्या. इंदू कापडावर माप उतरवायला दातेरी चाक फिरवायची. कापडाखालच्या लाकडात त्या चाकाच्या ठिपक्यांच्या रांगा उमटल्या होत्या. एक बगलेचं वळण होतं. एक गळ्याचं. एकमेकांवरून गेलेल्या कितीतरी बाह्या.

"हे घासून काढू?" मी विचारलं.

"घासून?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघू लागलो. मग फळी उलटी करत तोच म्हणाला, "बाहेरून नको. सुनेला वाटेल, लाकडाला कीड लागलीय. ही बाजू आत घे."

"आत कुणाला दिसणार?"

"व्हॉल्व्हना दिसेल."

मग काम सुरू झालं. दिगू कापायचा, मी घासायचो. सांध्यांना सरस लावून आम्ही चौकट माझ्या दाबयंत्रात घट्ट आवळून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून उघडायचो. पहिली चौकट वाकडी निघाली. मला वाटलं, माझ्यामुळेच. दाब कमी-जास्त झाला असणार. मी तसं म्हटलं.

"तुझ्यामुळे काही होत नाही रे," दिगू म्हणाला. "चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मीच वाकडं कापलं. धर इकडे."

समोरची बाजू कशी करायची यावर आमचे दिवस गेले. अपर्णा तिच्या मोबाइलवर चित्रं दाखवायची: परदेशातले ॲम्प्लिफायर, समोर काच, आत नारिंगी उजेड. दिगूला ते पटत नव्हतं. "सोनाराच्या दुकानातल्या शोकेससारखं दिसतं. ऐकायची वस्तू ती, बघायची कशाला?" पण हॉलमध्ये ठेवायचं तर सुनेचं मन राखायला हवं. शेवटी समोर एक आडवी खिडकी ठेवायची आणि तिला काचेऐवजी पितळी गज लावायचे असं ठरलं. हवाही जाईल, उजेडही दिसेल.

"खिडकीभोवती एक बारीक रेघ कोरली तर?" मी म्हणालो. "जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर असते ना, कडेने, तशी. म्हणजे... मला त्यातलं काही कळत नाही. राहू दे."

"आयुष्यभर लोकांना पुस्तकं सुचवलीस, आणि एक रेघ सुचवायला घाबरतोस? मार की."

मीच कोरली. पुठ्ठ्यावर सोन्याची रेघ ओढायचं माझं हत्यार त्यासाठी वापरलं. एका कोपऱ्यात हात किंचित घसरला. दिगूने तिथे बोट फिरवलं आणि पुढचं काम हातात घेतलं. म्हणजे ती आवडली होती.

वरच्या झाकणासाठी लाकूड चालणार नव्हतं. व्हॉल्व्हची आच वर जाते. दिगू एक दिवस तांबट लेनमध्ये चुलतभावाच्या दुकानात गेला आणि तांब्याचा पत्रा मागून, तिथेच बसून, स्वतः हातोडीने ठोकून काढला. बापाचा धंदा सोडून तो सिनेमात शिरला होता, त्यावरून घरात वर्षानुवर्षं अबोला होता. तेव्हापासून त्याने हातोडी धरली नव्हती. संध्याकाळी तो झाकण घेऊन आला. पत्र्यावर हातोडीचे गोल ठसे एकाशेजारी एक असे बसले होते की उजेडात ते पाण्यासारखे हलत. मधोमध हवा जायला भोकांची नक्षी.

"चुलतभाऊ काय म्हणाला?"

"म्हणाला, दिगंबर, चुकीच्या धंद्यात गेलास."

"मग तू?"

"मी म्हटलं, दोन्हीकडे चुकलोच असतो."

लाखेचं पॉलिश चढलं. बाल्कनीतलं यंत्र, प्लेअर, स्पीकर सगळं माझ्याकडे आणून पत्र्यावरचा तो उघडा सांगाडा आम्ही पेटीत उतरवला, वरून तांब्याचं झाकण ठेवलं आणि माझ्या खोलीत सारंगीची रेकॉर्ड लावली. आधी काहीच नाही. ते तापायला वेळ घ्यायचं. मग बारीक गुणगुण सुरू व्हायची. माणूस बोलण्याआधी घसा साफ करतो तशी. पितळी गजांमागे चार निखारे हळूहळू लाल झाले. त्यांचा उजेड आतल्या फळीवर पडला आणि मी जवळ जाऊन वाकलो तेव्हा इंदूच्या ठिपक्यांच्या रांगा मला दिसल्या.

मग सारंगी.

मी खुर्ची पुढे सरकवली. "बस. समोर बसून ऐक."

"इथे नाही," दिगू म्हणाला. तो पेटीमागे उभा होता. "हॉलमध्ये."

*

रविवारी संध्याकाळी मिलिंदच्या ऑफिसमधली चार-पाच मंडळी यायची होती. अपर्णानेच तो दिवस ठरवला. "सगळ्यांसमोर उद्घाटन करू बाबा." दिगू सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. टीव्हीशेजारची जागा खरोखरच रिकामी केलेली होती. स्पीकर पडद्याआड लपवला. आम्ही रजईत गुंडाळलेली पेटी रिक्षातून आणली आणि उघडली तेव्हा अपर्णाने दोन्ही हात गालावर ठेवले.

"बाबा! हे तुम्ही केलंत?"

"आम्ही केलं," दिगू म्हणाला. मी पायांकडे बघत राहिलो.

मिलिंदही पुढे आला. त्याने तांब्यावरून हात फिरवला, गजांतून आत डोकावला. "मानलं बाबा तुम्हाला. हे तर हजारो रुपयांना जाईल." दिगूच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यापूर्वी फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

पाहुणे आले. पेटीचे फोटो काढले, पेटीबरोबर स्वतःचे काढले. एकाने दिगूला मध्ये उभं करून काढला. मी कोपऱ्यात बसलो होतो आणि शेजारची खुर्ची, पेटीच्या अगदी समोरची, हात ठेवून अडवून धरली होती. कुणी बसायला आलं की मी म्हणे, "इथे... ते बसणार आहेत." तेवढं बोलायलाही मला कष्ट पडत होते.

"लावू का?" दिगूने विचारलं.

"आधी खाऊन घेऊ बाबा, गरम आहे तोवर."

खाणं झालं. दिगूने पुन्हा विचारलं. त्याने बटण दाबलं. सगळे पेटीकडे बघू लागले, आणि ती गप्प.

"बिघडलं का काय?" कुणीतरी म्हणालं.

"तापतंय," दिगू म्हणाला. "जरा थांबा."

थांबणं जमणारी मंडळी नव्हती ती. गुणगुण सुरू होईपर्यंत कुणीतरी ऑफिसचा विषय काढला होता. गजांमागे उजेड आला तेव्हा पुन्हा एकदा "वा!" झालं, फोटो झाले. सारंगी सुरू झाली. सुरुवातीला ते थोडे शांत राहिले, आपण बाहेर बँड वाजत गेला की राहतो तेवढे. मग आवाज हळूहळू परत आले, आणि सारंगीच्या वर जाण्यासाठी आणखी चढले.

दिगू पेटीशेजारी उभा होता. मी खुर्चीवरचा हात उचलून त्याला खुणावलं. त्याने पाहिलं. तो येणार तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "बाबा, जरा हळू कराल? बोलता येत नाहीये."

दिगूने हळू केलं.

"अजून थोडं."

त्याने आणखी हळू केलं. मग सारंगी इतकी बारीक झाली की गुणगुणच तिच्याहून मोठी वाटायला लागली.

"आणि ते वरचं फार तापलंय हो," अपर्णा काळजीने म्हणाली. "एवढं सुंदर पॉलिश आहे. खराब नाही ना होणार?"

"नाही. हवा खेळती आहे."

"तरी पण. आज पहिलाच दिवस आहे. पुरे का?"

बाजू अजून अर्धीही झाली नव्हती. दिगूने सुई उचलली. चालू बाजूवरून त्याने सुई उचलल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बटण बंद केलं, तांब्यावर तळवा ठेवला आणि तो तिथेच उभा राहिला. सगळे गप्पांत होते. मी अडवून ठेवलेली खुर्ची एका बाईंनी, "रिकामी आहे ना?" असं विचारून ओढून नेली. मी हो म्हणालो.

*

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा पेटीवर पितळी नंदी आणि निशिगंधाची फुलदाणी होती. दिगू आपल्या खोलीत पडून होता.

"लावली नाहीस?"

"फुलं काढायची, नंदी काढायचा, मग लावायची. मग तिने येऊन बघायचं, तापलं का म्हणून." तो उठून बसला. "तिचं प्रेम आहे रे त्या पेटीवर. रोज पुसते. मला हाक मारून दाखवते, बाबा बघा कशी चमकते."

"मग पुन्हा बाल्कनीत आणू."

"एवढी देखणी वस्तू वॉशिंग मशीनशेजारी? काय सांगू तिला? हॉलमध्ये जागा तिने आपणहून करून दिली. आता ती जागा नको म्हणू?" त्याने हॉलच्या दिशेने पाहिलं. "आपण फार चांगली केली रे. जरा वाईट केली असती तर बाल्कनीत राहिली असती."

"मिलिंदला सरळ सांगून बघ. एक बाजू बस म्हणावं."

"मुलाला ऐकायला बस म्हणून सांगतात का?"

पुस्तकांत अशा वेळी माणसं काहीतरी बोलतात. आम्ही दोघं त्याच्या खोलीत बसून राहिलो. मध्ये ऐकायला काही नव्हतं, आणि काही गार व्हायचंही नव्हतं, त्यामुळे बोलणंही होईना. मी लवकर निघालो. नंतर माझं जाणंही कमी झालं. हॉलमधून त्याच्या खोलीकडे जाताना पेटीसमोरून जावं लागे, आणि आपलीच कोरलेली ती रेघ बघून मला अपराध्यासारखं व्हायचं.

*

दिवाळीतल्या पाडव्याच्या संध्याकाळी मी जाण्याचं ठरवलं. दिगू आठवडाभर पुतणीकडे सिन्नरला राहून नुकताच आला होता. लिफ्टमधून बाहेर पडलो आणि सारंगी ऐकू आली.

तीच. दार उघडंच होतं, दारात पणत्या. पेटीवर नंदी नव्हता, फुलं नव्हती. पितळी गजांमागे चारही व्हॉल्व्ह लाल झालेले. अगदी समोरच्या खुर्चीत दिगू बसला होता, हात मांडीवर, पाठ ताठ. आणि त्याच्या शेजारी, सोफ्याच्या कडेला, मिलिंद. ऐकत बसलेला.

मला इतकं बरं वाटलं की चपला काढायच्या विसरून मी आत गेलो आणि पुन्हा दाराशी जाऊन काढून आलो.

"या काका!" अपर्णा फराळाचं ताट घेऊन आली. "योग्य वेळी आलात. बघितलंत का मिलिंदने बाबांना काय दिलं ते?"

"श्श," दिगू म्हणाला. "बाजू चालू आहे. बस अच्युता."

मी भिंतीशी बसलो. आवाज स्वच्छ होता. फार स्वच्छ. मी ती गुणगुण शोधत होतो. माझे कान आता पूर्वीसारखे नाहीत, म्हणून मी स्वतःलाच दोष दिला. मग रेकॉर्ड प्लेअर शोधला. त्याच्या जागी आकाशकंदिलाचा रिकामा खोका होता. पडद्याआडचा स्पीकरही नव्हता. मिलिंदच्या हातात मोबाइल होता आणि तो मधूनमधून त्याच्यावर अंगठा फिरवत होता.

सारंगीचा शेवटचा सूर लांबत विझला, आणि त्याच क्षणी पेटीतून एका बाईचा आवाज कसल्याशा साबणाबद्दल सांगू लागला. मिलिंदने घाईने अंगठा दाबला.

"कसं वाटलं बाबा?"

"छान," दिगू म्हणाला. "फार छान."

"बघा काका," मिलिंद माझ्याकडे वळला. त्याला खरंच आनंद झाला होता. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो चेहरा खोटा नव्हता. "बाबांना ते झेपत नव्हतं ना, तापवायचं, थांबायचं, रेकॉर्ड उलटायची. लावायचेच नाहीत. मला वाईट वाटायचं, एवढी मेहनत करून नुसतं पडून आहे. माझा एक मित्र असली कामं करतो. आतलं सगळं काढून नवीन बसवलं, स्पीकरही आतच. मोबाइलवरून चालतं. बाबांची तीच सारंगी शोधून काढली मी, दोन रात्री शोधत होतो. आता खरखरसुद्धा नाही."

"आणि व्हॉल्व्ह?" मी विचारलं.

"ते तसेच ठेवलेत, नुसते शोसाठी. त्यांच्या खाली एलईडी आहेत. कळतं का सांगा?"

मी मान हलवली. कळत नव्हतं.

"ट्रान्सफॉर्मर?"

"बाप रे, काय वजन होतं त्यांचं! दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला उचलून घेऊन गेला," अपर्णा म्हणाली. "काका, चकली घ्या ना."

मी चकली घेतली. दिगूकडे बघायचं धाडस मला होईना. उदय टॉकीजच्या दारात हातगाडीवर चढलेलं यंत्र आणि गाडी अडवून उभा राहिलेला दिगू मला आठवत होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दिगू उठला होता. पेटीजवळ गेला. बाजूला इंदूच्या लुगड्याचा तुकडा धुऊन घडी करून ठेवलेला होता. त्याला हात न लावता त्याने तळवा तांब्यावर ठेवला. जिथे नेहमी ठेवायचा तिथेच.

"बाबा, ते तापत नाही आता," मिलिंद हसून म्हणाला. "लगेच झाकलं तरी चालेल."

"हो, हो." दिगूने हात काढला नाही. मुलाकडे न बघताच तो म्हणाला, "तरी बस जरा. गार होईपर्यंत. मी आणि हा अच्युत नेहमी बसायचो."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या लहरी सांभाळतात तसं हसला आणि पुन्हा सोफ्यावर टेकला. दिगू खुर्ची ओढून पेटीला लागून बसला, तळवा तांब्यावर.

"शाळेत असताना," दिगू म्हणाला, "तू एकदाच आला होतास टॉकीजवर. आठवतं?"

"नाही बाबा."

"डबा घेऊन आला होतास. आईने पाठवलं होतं. केबिनमध्ये मी तुला—"

मिलिंदचा फोन वाजला. त्याने बघितलं, "एक मिनिट हं बाबा, सरांचा आहे," म्हणाला आणि बोलत बोलत आतल्या खोलीत गेला. दार लागलं. अपर्णाही जेवणाची ताटं लावायला स्वयंपाकघरात गेली.

मी उठलो आणि सोफ्यावर, मिलिंदच्या जागेवर, जाऊन बसलो. जागा अजून उबदार होती. पितळी गजांमागे ते चार लाल ठिपके तसेच जळत होते, कमी न होता. मी हात पुढे करून तांब्याला लावला. पहाटेच्या पाण्याच्या भांड्यासारखं थंडगार होतं ते.

आतल्या खोलीतून मिलिंदच्या हसण्याचा आवाज येत होता. दिगूने बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि मग पुन्हा पेटीकडे. त्याचा हात तिथेच होता.

"झालं का गार?" मी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला.